निम्मी आवक

मी लातूरच्या बाजारात आडत चालवतो. विश्वास ठेवणं हा माझा धंदा नाही. आमच्याकडे तुरीचा नमुना पोटलीत बांधून सौद्याला जातो, भाव पोटलीवर ठरतो आणि नंतर पोतं फोडून मी बघतो, आत तोच माल आहे का.

म्हणून नांदेडचे दाजी, माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, क्रिप्टोच्या मशिनी घ्यायच्या म्हणाले तेव्हा मी आधी पोटली मागितली. क्रिप्टो म्हणजे संगणकावरचं चलन; या मशिनी रात्रंदिवस त्याच्या व्यवहारांची नोंद ठेवतात आणि बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. एक मशीन त्यांच्याकडे होतीच. आणखी आठ घेण्यासाठी बहिणीच्या नावावरचा प्लॉट विकायचा होता. बारा वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढलेल्या बाईचा तो प्लॉट.

"दादा, मला यातलं काई कळत न्हाई," ती म्हणाली. "तू हाव म्हण, मग मी सही करते."

मला लबाडीचा वास येत होता. मी नांदेडला गेलो, मशिनीशेजारी घाम पुसत उभा राहिलो, मीटरचे आकडे वहीत उतरवले. महिनाभराचं बक्षीस दाजींना माझ्यासमोर विकायला लावलं. पैसे बँकेत आले, वीजबिल जाऊन थोडे उरलेही. खोट सापडली नाही म्हणून मी जरा खट्टूच झालो.

मग दाजी म्हणाले, "भाऊ, उन्हाळ्यात हे बक्षीस निम्मं होणार हाय. दर चार वर्साला होतंय. नवी नाणी कमीच निघतील."

आवक निम्मी! आडत्याला दुसरं काय ऐकू येणार? आवक घटली की भाव चढतो, यावर तर माझं घर चाललंय. मी बहिणीला हाव म्हणालो. प्लॉट विकला गेला, आठ मशिनी आल्या.

उन्हाळ्यात बक्षीस निम्मं झालं. वीजबिल तेवढंच राहिलं. भाव महिनोन्महिने जागचा हलला नाही, आणि पुढे चढला तोवर दाजींनी बिलाला कंटाळून मशिनी मिळेल त्या किमतीला काढून टाकल्या होत्या.

तुरीच्या सौद्यात मी रोज पहिल्यांदा विचारतो, गोदामात जुना माल किती पडलाय? गोदामं भरलेली असतील तर कमी पिकानेही भाव हलत नाही. या नाण्यांचा जुना साठा डोंगराएवढा होता, नवी आवक चिमूटभर. तेवढंच मी विचारलं नाही. दाजींनी माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. सगळा संशय मी त्यांच्यावर खर्च केला, स्वतःच्या अकलेसाठी शिल्लक ठेवला नाही. आजही त्याची लाज वाटते.

गेल्या महिन्यात घरमालकाने बहिणीला खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. मी फोन केला. म्हटलं, माझ्या ओळखीत एक जागा आहे, बघून ठेवू का?

ती म्हणाली,

"नको दादा. या खेपेला मीच बघते. तू फक्त सामान उचलायला ये."