पायलटची शाळा शोधताना: वडगावहून दोन धावपट्ट्या

माझ्या मुलीला, मानसीला, बारावीला फिजिक्स आणि गणितात चांगले मार्क पडले. निकालाच्या रात्री जेवताना तिनं जाहीर केलं की तिला पायलट व्हायचंय. तिचे बाबा दुकानातून दमून आले होते. त्यांनी आमटीचा भुरका मारला आणि विचारलं, "किती वर्षांचा कोर्स?" जणू पोरगी बी.कॉम. करते म्हणाली होती. पेठ वडगावात आमचं कापडाचं दुकान आहे. आमच्या घरात आजवर सगळ्यात उंच गेलेली वस्तू म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी.

या ब्लॉगवर मी आतापर्यंत धबधबे, देवळं आणि कुठली थाळी खावी एवढंच लिहीत आले. या वेळचा प्रवास ज्यांच्या घरात असंच काहीतरी आमटी-भातावर जाहीर झालंय, त्यांच्यासाठी.

लग्नसराईमुळे ह्यांना दुकान सोडता येईना. मग राधानगरीहून माझा थोरला भाऊ, आनंदादादा, गाडी घेऊन आला. भात, ऊस आणि म्हशी सांभाळणारा माणूस. पण भाची पायलट होणार हे कळल्यापासून तो म्हशींशीसुद्धा जरा वरच्या आवाजात बोलत होता. शाळा ठरायच्या आधीच त्यानं डेअरीवर पेढे वाटले होते. मोबाईलवर एका फ्लाइंग स्कूलची जाहिरात बघून पुण्यातल्या त्यांच्या ऑफिसची वेळही त्यानंच घेतली होती.

"आणि हे बघ," गाडीत बसताना तो मानसीला म्हणाला, "थितं चष्मा काढायचा. पायलटला चष्मा चालत न्हाय."

"कोण म्हणालं, मामा?"

"डेअरीत सगळ्यास्नी म्हाईत हाय की."

पहाटे निघा, हा माझा पहिला सल्ला. पुण्याच्या रस्त्याचं काम चालू आहे. डायव्हर्जनच्या पाट्या इतक्या, की सरळ रस्ता लागला तर आपण चुकलो असं वाटतं. साताऱ्याच्या अलीकडे मिसळ खाल्ली. दादानं पहिला घास घेतला आणि वेटरला बोलावलं. "पावणं, ही मिसळ हाय, का आजाऱ्याला दिल्याली पेज?" वेटरनं न बोलता लाल तर्रीचं भांडंच आणून ठेवलं. असे आमच्याकडचे बरेच येत असावेत.

ऑफिस एका काचेच्या इमारतीत होतं. चष्मा पर्समध्ये ठेवून मानसी ऐटीत चालत गेली आणि बंद दारावर आपटली. रिसेप्शनवरची मुलगी हसून म्हणाली, "वेलकम टू एव्हिएशन, मॅम."

आत खांद्यावर चार सोनेरी पट्टे लावलेले एक साहेब बसले होते. पांढराशुभ्र शर्ट, काळा टाय, छातीवर पंख. दादानं वाकून नमस्कार केला.

"साहेब, कंचं विमान चालवता?"

"मी ॲडमिशन्स बघतो."

"मग हे पट्टे?"

"आमचा ड्रेस कोड आहे."

मला वाटलं, दादाला इथं शंका येईल. पण एसीची हवा आणि कॉफी यांनी तो गार झाला होता. साहेब जे काही बोलत होते ते दादाशी. ज्या मुलीला विमान चालवायचं होतं ती शेजारच्या खुर्चीत डोळे बारीक करून बसली होती, पण तिला कुणी काही विचारलं नाही. अधूनमधून ते माझ्याकडे वळत. "मॅडम, मुलींसाठी केबिन क्रूचाही छान कोर्स आहे. हिची स्माईल सुंदर आहे."

"मला पुढं बसायचंय," मानसी म्हणाली. न हसता.

मग आम्हाला सिम्युलेटर दाखवला. एक मोठा पडदा आणि तिन्ही बाजूंनी बटणं असलेली खुर्ची. दादानं बसून दुबईच्या धावपट्टीवर विमान आपटलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "नॅचरल टॅलेंट!" म्हणाले. एवढं कौतुक दादाचं त्याच्या लग्नातही झालं नव्हतं.

मी मेडिकलचं विचारलं. "ते पुढं बघू. चष्माबिष्मा असला तरी लेझरचं आमचं पॅकेज आहे." खर्चाचा आकडा इथं लिहीत नाही, प्रत्येक ठिकाणी वेगळा सांगतात. एवढंच समजा, आमच्याकडं तेवढ्यात बंगला बांधून वर वास्तुशांतीला अख्खं गाव जेवतं. त्यात सोमवारपर्यंतच जागा आहेत, असं साहेब म्हणाले, आणि दादाचा हात खिशातल्या चेकबुकाकडं गेला.

"विमानं कुठं आहेत?" मानसीनं विचारलं.

"ब्रोशरमध्ये सगळ्यांचे फोटो आहेत ना."

"फोटो नकोत. विमानं."

"एअरफिल्ड इथून बरंच लांब आहे, बेटा."

"आम्ही कोल्हापूरकडनं आलोय," मी म्हणाले. "लांबचं काय एवढं नाही."

दादाचा हात खिशातच राहिला. मुक्कामाला लॉजवर गेल्यावर तो माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या एअरफिल्डवर गेलो. रस्त्याचा शेवटचा तुकडा खराब आहे. पाणी आणि खायला बरोबर घ्या, वाटेत एक पंक्चरचं दुकान सोडलं तर काही नाही. फाटकाशी शाळेची भली मोठी कमान. आत शेडमध्ये विमानं ओळीनं उभी होती, पांढरी, छोटी, आमच्या गाडीपेक्षा जेमतेम मोठी. दादाचा ऊर भरून आला. त्यानं मानसीला एका विमानापाशी उभं करून फोटो काढला. मानसी मात्र खाली वाकून बघत होती. तिनं चष्मा लावला होता.

"आई, ह्याच्या टायरात हवा नाही."

पुढच्या विमानाला इंजिनच नव्हतं. त्याच्या पुढचं ताडपत्रीखाली. आम्ही दुपार कलेपर्यंत तिथं होतो. तेवढ्या वेळात एक विमान वर गेलं आणि खाली आलं. युनिफॉर्म घातलेली पोरं झाडाखाली मोबाईल बघत बसली होती. आम्हाला फिरवणारा माणूस म्हणाला, "आज वारा आहे." झाडाचं पानही हलत नव्हतं.

तेवढ्यात शेडच्या मागून आवाज आला. "जेवलो की गं आई. व्हय. आज वर गेलतो, लई भारी वाटलं."

आमच्याकडच्या पोरी 'जेवले' म्हणत नाहीत, 'जेवलो' म्हणतात. दादाचे कान टवकारले. तो थेट तिकडं गेला. "बाळ, गाव कंचं?"

फोन ठेवत ती मुलगी म्हणाली, "आजरा."

दादाला एवढा आनंद झाला की त्यानं तिला आमच्या डब्यातली चपाती आणि ठेचाच दिला. ती उभ्याउभ्या खात होती. मानसीनं तिला विचारलं, "आज वर गेलतीस? एकच तर विमान गेलं." त्यावर मुलीचा घास थांबला.

"न्हाय गेलो," ती म्हणाली. "आईला सांगितलं फकस्त."

मग ती हळू आवाजात सांगत गेली. गेल्या दिवाळीनंतर ती इथं आली होती. अजून सोलो झाला नव्हता, म्हणजे शिक्षकाशिवाय एकटीनं विमान न्यायची पाळीच आली नव्हती. कधी विमान बंद, कधी शिकवणारा नोकरी सोडून गेलेला, कधी पाऊस. वडिलांचा काजूचा छोटा कारखाना आहे. त्यांनी तिचा युनिफॉर्ममधला फोटो मोठा करून ऑफिसात लावलाय. दर आठवड्याला नवा फोटो मागतात, आणि ही पोरगी ताडपत्री काढून त्याच बंद विमानापाशी उभी राहते.

"सांग की घरी," मी म्हणाले.

"काय सांगू, काकी? गावात सत्कार झालाय माझा." तिनं बोटं रुमालाला पुसली. "माझं नाव कुणाला सांगू नका हां." म्हणून इथंही ते लिहिलेलं नाही.

परत निघालो. ढाब्यावर जेवायला थांबलो तेव्हा दादा फुटला. "कामचुकार पोरगी आसंल ती. आळशी मान्सं समदीकडं असत्यात. एवढं मोठं ऑफिस, एवढा मोठा साहेब, ते खोटं आणि ही खरी?"

"दादा, इंजिन नव्हतं विमानाला."

"बसवतील की!"

"मग बसवू दे. तेव्हा बघू."

"सोमवारी जागा जात्यात. मी गावात काय तोंड दाखवू?"

मानसी इतका वेळ भाकरीचे तुकडे करत होती, खात नव्हती. ती म्हणाली, "मामा, मला विमान उडवायचंय. फोटो काढायला आपला रंकाळा हाय की."

दादा ताट सरकवून उठला आणि गाडीत जाऊन बसला. ह्यांचा फोन आला, "जेवलात का?" मी म्हणाले, जेवतोय. आजऱ्याच्या पोरीचं खोटं बोलणं मला तेव्हा फार परकं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुसरी शाळा. मानसीनं इंटरनेटवर शोधून काढलेली, पहिलीपेक्षा कितीतरी लांब. दादा चिडलेला होता, तरी गाडी त्यानंच चालवली. इथं कमान नव्हती. गंजलेलं फाटक, पत्र्याचं ऑफिस, ज्याला पंखा म्हणत होते त्याला फक्त आवाज. चहा कुणी विचारला नाही. पण फाटकापाशी थांबलो तेवढ्यात डोक्यावरून एक विमान गेलं. ते उतरतंय तोवर दुसरं निघालं, एकामागोमाग एक, आमच्या एसटी स्टँडसारखं. आम्ही कुंपणापाशी उभे राहून बघत राहिलो. वाऱ्यात विमान डुगडुगत खाली यायचं आणि मी कुंपणाची तार घट्ट धरायचे. ब्रोशरमध्ये ही डुगडुग नव्हती. मानसीच्या चेहऱ्यावर भीतीचं नाव नव्हतं. मला मात्र पहिल्यांदा कळलं, हे खरंच होणार आहे.

तिथले मुख्य शिक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले, तुसडे. त्यांनी आम्हाला बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं. आत बोलावल्यावर दादानं वातावरण हलकं करायला विचारलं, "साहेब, ॲव्हरेज किती देतंय हे?"

"तुम्ही घ्यायला आलाय की मुलीला शिकवायला?"

मामाच्या सल्ल्याप्रमाणे मानसीनं दारातच चष्मा काढला होता. साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट केलं. "महिना वाच."

तिनं डोळे बारीक केले.

"चष्मा कुठंय?"

"पर्समध्ये."

"लाव. चष्मा लावून नीट दिसत असेल तर चालतो. लपवलेला चालत नाही."

मी दादाकडं बघितलं. तो छताकडं बघत होता.

"मेडिकल झालं?" नव्हतं. "मग कशाला आलाय? आधी सरकारमान्य डॉक्टरकडून मेडिकल करून घ्या, नंतर त्याच्या वरचं, जास्त कडक मेडिकल. त्यात अडकली तर माझी फी फुकट आणि तिची वर्षं फुकट. लेखी पेपरचा अभ्यास घरी बसून होतो. माझ्याकडं आत्ता जागा नाही, थांबावं लागेल." दादानं चेकबुक काढलं. "ते आत ठेवा," साहेब म्हणाले आणि दुसऱ्या मुलाला हाक मारली. इतका उद्धट माणूस मी पहिल्यांदाच बघितला, आणि इतका बरा वाटलेलाही.

घरी आलो. ज्यांना याच वाटेनं जायचंय त्यांना माझं एवढंच सांगणं: ऑफिसात बसू नका, कुंपणापाशी उभं राहा. आकाशात किती विमानं आहेत ते बघा, शेडमधली मोजू नका. झाडाखाली बसलेल्या पोरांशी बोला, आणि बोलताना फिरवणाऱ्या माणसाला चहा आणायला पाठवा.

मानसीची दोन्ही मेडिकल चष्म्यासकट पार पडली. सध्या ती दुकानाच्या माडीवर बसून हवामानशास्त्र वाचते आणि पाऊस येणार की नाही ते खाली ओरडून सांगते. तिचं निम्मं चुकतं. दुसऱ्या शाळेत तिचा नंबर लागायला वेळ आहे.

आजऱ्याच्या मुलीशी तिचे मेसेज चालू होते. मागच्या महिन्यात ती मुलगी बॅग घेऊन थेट आमच्या दारात उभी राहिली. शाळा सोडून आली होती आणि घरी जायचं धाडस होत नव्हतं. मी तिला जेवायला वाढलं आणि दादाला फोन केला. का केला, मलाही माहीत नाही. तिला कामचुकार म्हणणारा तोच होता.

दादा दोन तासांत आला. तिला म्हणाला, "चल, बस गाडीत. तुझ्या बापाला मी सांगतो. मीबी त्या साहेबाला चेक द्यायला निघालोतो, हे बी सांगतो."

ते गेले. अंधार पडला तरी फोन नाही. मानसी पुस्तक मिटून जिन्यात बसली होती. शेवटी मीच लावला.

"काय म्हणाले तिचे वडील?"

"आधी कायच न्हाय म्हणाले," दादा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "मग आत बघून म्हणाले, पोरगी आल्या, जेवाय वाढा."