कोनाले सर

आमचे इंग्रजीचे सर कुणाचंही बोलणं मध्येच अडवायचे आणि विचारायचे, "कोनाले?" म्हणजे कोणाला. शिपाई मैदानात उभा राहून ओरडला, "गाड्या नीट लावा रे!" की सर खिडकीतून म्हणणार, "कोनाले सांगून राह्यला बाबू? तिथं तं कोनीच नाही." एकदा कुणी फळ्यावर 'शांतता राखा' लिहून ठेवलं, तर सरांनी त्याखाली खडूनं लिहिलं, 'कोनाले?' पुसदजवळच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. बाकी सगळे त्यांना कोनाले सर म्हणायचे, आणि त्यांना ते चांगलं माहीत होतं.

माणूस मूळचा कळंबकडचा, अंगानं कापसाच्या पऱ्हाटीसारखा वाळका. बोलणं अस्सल वऱ्हाडी. इंग्रजी बोलतानाही तो हेल सुटायचा नाही, त्यामुळे ही भाषा काही फार लांबची नाही असं आम्हाला उगाच वाटायचं. वाटायचं एवढंच, पेपर हातात आला की खरं काय ते कळे.

मी बंजारा तांड्यातली. घरात गोरबोली, गावात वऱ्हाडी, पुस्तकात तिसरीच मराठी, आणि त्यावर इंग्रजी म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. मला नर्सिंगला जायचं होतं. बारावीच्या सहामाहीत इंग्रजीत मी सपशेल आपटले, तेव्हा बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साफ सांगून टाकलं, की बोर्डाला पास झालीस तर शीक. नापास झालीस तर पुन्हा फॉर्म भरायचा नाही. बापू रागावून बोलत नसत. त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागायचं.

आमची सगळ्यांची गाडी अडायची ती एका निबंधावर. जगातल्या एखाद्या प्रसिद्ध भाषणाबद्दल लिहायचं. सहामाहीचे पेपर घेऊन सर वर्गात आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. सगळ्या वर्गानं एकाच गाईडातून पाठ केलेलं. नेता अमुक गावी जन्मला, त्याची आई धार्मिक होती, त्याला लहानपणी वाचनाची आवड होती. भाषणाचा पत्ताच नाही! माझा पेपर तर आणखी थोर. मी सुरुवातीलाच इंग्रजीत 'आदरणीय अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग' असं लिहिलं होतं आणि शेवटी 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते'. शाळेत पंधरा ऑगस्टला भाषणं करून करून हाताला तेच वळण पडलेलं.

सरांनी माझा पेपर वर्गापुढे उंच धरला. मग म्हणाले, "पोट्टेहो, तो माणूस लाखो लोकायसमोर बोलायले उभा राह्यला, अन् तुम्ही त्याले उचलून पुन्हा पाळण्यात झोपवून आले! अन् ही बाई पाह्य. पेपर तपासणारा अध्यक्ष हाय काय वं? तो बिचारा गठ्ठा घेऊन घरी बसला असंन, चहा थंडा होऊन राह्यला असंन त्याचा." वर्ग हसला, मीही हसले. मग हळूच रडले.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी कॉलेज सुटल्यावर जादा तास सुरू केला. फुकट. तोही वर्गात नाही, कडुनिंबाखालच्या ओट्यावर. एकानं ओट्यावर चढायचं आणि भाषण करायचं, आधी वऱ्हाडीत, मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत. बाकीच्यांना सर कामं वाटून द्यायचे. तू उन्हात चालून आलेला मजूर, तू पोलीस, तू दुकान बंद पडल्यामुळे चिडलेला दुकानदार. ज्याला ऐकावंसं वाटणार नाही त्यानं सरळ उठून निघून जायचं, अशी सक्त ताकीद. मी लाखो माणसांना आपलं स्वप्न सांगणारं ते प्रसिद्ध भाषण करायला उभी राहिले आणि चौथ्या वाक्याला सगळा मजूरवर्ग उठून बोरं वेचायला गेला. सर शांतपणे म्हणाले, "आता सांग, कोनाले सांगत होती? ह्या लोकायले काय पायजे होतं?" त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं, की भाषणावर लिहायचं म्हणजे ऐकणाऱ्यांवर लिहायचं.

या तासात एक गोष्ट रोज घडायची. सरांचा फोन वाजायचा. पलीकडे काकू, म्हणजे सरांच्या पत्नी. सर म्हणायचे, "आलोच." हे आलोच पुढे चांगलं तासभर चालायचं. एकदा मी धीर करून विचारलं, "सर, हे 'आलोच' कोनाले?" सर जोरात हसले. म्हणाले, "वाक्य बरोबर हाय पोरी. फक्त ऐकनाऱ्याचा आता इश्वास उडाला." आणि पुन्हा ओट्याकडे वळले.

जादा तास सुटेपर्यंत पाचची एसटी निघून जायची. पुढची गाडी आम्हा तांड्यातल्या तिघी मुलींना फाट्यावर सोडायची तेव्हा थंडीचा अंधार पडलेला असायचा. फाट्यापासून तांडा लांब, दोन्ही बाजूंना डोक्याइतकी उंच तूर, आणि तुरीत रानडुकरं. एका संध्याकाळी डुकरांचा कळपच आडवा गेला आणि आम्ही चपला टाकून पळालो. झालं! दुसऱ्या दिवसापासून जादा तास बंद, पाचच्या गाडीनंच घरी यायचं, असा तिन्ही घरांतून हुकूम निघाला.

सरांना कळलं तसे ते त्यांची जुनी स्कूटर घेऊन थेट तांड्यावर आले. तांड्याच्या प्रमुखानं, म्हणजे नायकानं, देवळापुढे नसाब बसवली. नसाब म्हणजे तांड्याची बैठक. आमची छाती फुगली. भाषणं शिकवणारा माणूस आज स्वतः भाषण करणार! आणि सर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "आदरणीय नायक महोदय आणि येथे उपस्थित माझ्या बंधू-भगिनींनो..."

मी कपाळावर हात मारला.

स्त्रीशिक्षणाचं महत्त्व, देशाची प्रगती, एकविसावं शतक. छापील मराठीत अर्धा तास. वऱ्हाडीचा एक शब्द नाही. तांडा मोठ्या अदबीनं ऐकत होता, माना डोलत होत्या. शेवटी टाळ्यासुद्धा पडल्या. मग बापू उभे राहिले आणि म्हणाले, "सर लै चांगलं बोलले. पन अंधाराचं तं काहीच बोलले नाही." सर खाली बसले. इतकं ओशाळलेलं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. आवाज आला नाही, पण शब्द मला कळला.

मुली नसाबेत बोलत नाहीत. तरी मी उठले. नायकाकडे पाहिलं नाही, बैठकीकडे पाहिलं नाही. बापूंकडेच पाहिलं आणि आमच्या बोलीत म्हणाले, "बापू, मला अंधाराची भीती वाटते. डुकरांचीही वाटते. पण तुम्ही फाट्यावर उभे असलात तर वाटणार नाही." बस, एवढंच.

मग बापूंनी डोक्यावरचा रुमाल काढून झटकला आणि म्हणाले, "तुरीसाठी रोज रात्री शेतात जागलीवर जातो. पोरीसाठी फाट्यावर नाही जाणार?" त्या दिवसापासून तिघींच्या बापांनी पाळ्या लावून घेतल्या. एसटीतून उतरलं की अंधारात बॅटरी हलायची आणि आम्ही उजेडाच्या मागं मागं घरी जायचो. दुसऱ्या दिवशी ओट्यावर सर वर्गाला म्हणाले, "काल मी एक भाषन पाडलं अन् हिनं एक जिंकलं. दोन्हीवर निबंध लिहून आना." आपल्या फजितीवर निबंध लिहायला लावणारा दुसरा मास्तर मी पाहिलेला नाही.

बोर्डाच्या पेपरात तो निबंध आला. नेत्याच्या जन्माबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही. उन्हात उभ्या राहिलेल्या माणसांबद्दल लिहिलं. पास झाले, नर्सिंगला गेले. आता उमरखेडकडच्या एका दवाखान्यात आहे. सुई पाहून हात मागे घेणाऱ्या म्हाताऱ्याला मी आरोग्याचं महत्त्व कधी सांगत नाही. आधी त्याच्या शेजारी बसते आणि त्याला कशाची भीती वाटते ते विचारते. बाकीच्या सिस्टर म्हणतात, हिला बरं जमतं. मला कुठलं जमतंय! सरांचं आहे ते.

परवा सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला मी बापूंना घेऊन गेले. मंचावर संस्थेचे अध्यक्ष, शाली, नारळ, हार, सगळा थाट. सूत्रसंचालकानं सरांना मनोगत व्यक्त करायची विनंती केली. सर माइकपाशी आले. अध्यक्षांकडे पाहिलं नाही, आमच्याकडेही नाही. तिसऱ्या रांगेत काकू बसल्या होत्या, पदरानं वारा घेत. सर त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "इतके वर्षं तुले 'आलोच' म्हनलं अन् आलो नाही. ह्या पोरायनं मार्क घेतले, ते तुह्या संध्याकाळीतले हायेत. आता येतो. खरंच येतो." आणि माइक सोडून दिला.

माझे डोळे भरून आले, लपवत नाही. काकू मात्र जागच्या जागी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "एवढं सांगायले इतके लोकं कायले जमवले? घरी नाही सांगता येत होतं?" हसून हसून छप्पर उडायची वेळ आली. सर मंचावरून उतरले, काकूंच्या हातातली पिशवी घेतली आणि अध्यक्षांचं भाषण सुरू व्हायच्या आत दोघं दारातून बाहेरही पडले.

बापू खिडकीतून बघत होते. मैदानावर अजून चांगलं ऊन होतं. त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाले, "पाह्य, सर आज उजेडी घरी चालले."