परिक्रमेचा कॅमेरा

पायी तीर्थयात्रेला निघणाऱ्याने आधी कॅमेरा घ्यावा आणि मग बूट, असं माझं ठाम मत होतं. बायकोचं मत विचारायची आमच्या घरी पद्धत नाही; ते न विचारताच मिळतं.

वैशालीला नर्मदा परिक्रमा करायची होती. अख्खी, पायी, काही महिने बिनपगारी रजा काढून! पुण्यात माझ्या आईलाही हाच ध्यास होता, पण गुडघ्यांनी दगा दिला. "मला निदान फोटोत तरी मैया दाखवा रे," ती म्हणाली. झालं! दणकट कॅमेरा, तीन लेन्स आणि ट्रायपॉड घेऊनच मी सिंगापुरातल्या आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये शिरलो.

"हे वाहणार कोण?" वैशालीने विचारलं. ती नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे (माझी पाठ तिला फुकटात पाहावी लागते!).

"मी!"

"तू एमआरटी मेट्रोत रॅफल्स प्लेसपर्यंत उभा राहिलास तरी घरी येऊन पाय शेकतोस, मिलिंद!"

शेवटी अट ठरली. रविवारी ही सगळी कॅमेऱ्याची बॅग पाठीवर घेऊन घरापासून चांगीच्या किनाऱ्यापर्यंत चालायचं. मध्ये कुणाकडे न देता पोचलो, तर मीही परिक्रमेला. नाहीतर ती एकटी!

निघालो. ऊन असं की टोपीसकट डोकं वितळावं. वाटेत कालव्याकाठी भलीमोठी घोरपड दिसली. आमची लेक इरा मोबाइल काढून ओरडली, "बाबा, कॅमेरा! क्विक लाह!"

"प्रकाश बरोबर नाहीये," मी गंभीरपणे म्हणालो. (बॅग खाली ठेवली असती तर पुन्हा उचलली नसती!) पुढे झाडावर धनेशाची जोडी दिसली. तिचा अँगल बरोबर नव्हता. इरा फोटो काढून आजीला पाठवत राहिली आणि मी बॅगेला हात लावू पाहणाऱ्या प्रत्येकावर खेकसत राहिलो, "नाजूक माल आहे!"

किनारा आला. मी वाळूत बसलो म्हणण्यापेक्षा सांडलो. इराने पुण्याला आजीला व्हिडिओ कॉल लावला. "आई, आता खरा फोटो बघ!" म्हणत मी ऐटीत चेन उघडली.

आत तूरडाळीची पाकिटं होती. खाली तांदूळ!

"कॅमेरा?" मी किंचाळलो.

"घरी, कपाटात," वैशाली थंडपणे म्हणाली. "सरावाला वजन लागतं, कॅमेरा कशाला? पाऊस आला असता म्हणजे? तू आंघोळीला गेल्यावर बदललं. म्हटलं, पहिल्या फोटोलाच कळेल तुला. तू तर चेनसुद्धा उघडली नाहीस!"

मोबाइलमधून आईचं हसू थांबेना. "अरे, इराची घोरपड काय सुरेख आलीये! मोबाइलच न्या बाबांनो. मैयाही त्यातच दिसेल मला."

माझा चेहरा पडला. "म्हणजे मी नापास?"

"अट बॅग पोचवायची होती. पोचवलीस की!" वैशालीने मला रुमाल दिला. खरं सांगतो, भरून आलं.

"मग येऊ मी?"

"येच! वाटेत सदावर्तात कोरडा शिधा मिळतो. डाळ, तांदूळ, पीठ. तो वाहायला कुणीतरी लागतंच, आणि तुझा सराव झालाय."

हल्ली ऑफिसात कुणी विचारलं की परिक्रमेत तुझं नेमकं काम काय, तर मी टाय सारखा करून सांगतो, "लॉजिस्टिक्स!"