फोडणीची वेळ

अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मला कधीच नीट उमज पडला नाही. वाचणारं कुणी असलंच तर त्यानं सांभाळून घ्यावं. चौथीनंतर माझ्या हातात लेखणी कमी आणि पळीच जास्त राहिली. पण एक वास मला न चुकता लिहिता येईल. तापलेल्या तेलात मोहरी तडतडते, ठेचलेला लसूण तांबूस होतो, वर कढीपत्ता पडतो, आणि ती फोडणी डाळीच्या मोठ्या पातेल्यात ओतली की जो खमंग लोट उठतो, तो आमच्या शाळेच्या स्वयंपाकखोलीत मावत नाही. खिडकीतून तो थेट शेजारच्या वर्गात जातो.

कर्नाटकातल्या ठाणाकुशनूरच्या पलीकडच्या आमच्या खेड्यातली ही मराठी शाळा. तिथं मी लेकरांचं दुपारचं जेवण रांधते. चौथी आणि पाचवी एकाच खोलीत बसतात, एकाच बाईंपुढं. वास गेला की दोन्ही इयत्तांच्या माना एकदमच खिडकीकडं वळत. ते पाहून मला किती सुख व्हायचं! माझ्या लहानपणी शाळेत जेवण नव्हतं. सुट्टीत आम्ही हौदावरचं पाणी पिऊन पुन्हा पाढ्यांना बसायचो. आता माझ्या हातच्या फोडणीच्या वासानं एवढी लेकरं फुलतात, हा केवढा मान! मान म्हणूनच मी तो मिरवत होते.

मागच्या महिन्यात तालुक्याहून तपासणीला साहेब आले. पाचवीला त्यांनी साधा भागाकार घातला, शहाण्णव बोरं आठ जणांत वाटा. एकेक लेकरू उठलं आणि खाली बघत उभं राहिलं. त्यात माझी लेक रेणुकाही होती. साहेब बाईंना म्हणाले, "धडा झाला म्हणून लिहिलंय तुम्ही. झाला कुठं?" बाईंनी मान खाली घातली. मी पलीकडं ताटं धूत होते. मनात म्हटलं, शिकवत नसतील.

संध्याकाळी रेणुकाला रागावले, "कामून येत न्हाई गं तुला? बाई शिकवायल्यात का झोपायल्यात?"

"शिकवायल्यात की. पण गणित सुट्टीच्या आधी असतंय. भागाकार मांडला की तुझी फोडणी पडती. वर्गातला मल्लू ताट वाजवायलाय, चौथीवाले ओळीत उभे. बाई म्हणतात, ऱ्हाऊ द्या, उद्या करू." आणि हसत म्हणाली, "उद्या बी तुझी फोडणी असतीच की, माय."

मीही हसले, पण हातातला भाकरीचा घास तोंडापर्यंत गेला नाही.

पुस्तकं दूर बेंगळुरूहून येतात. ज्यांनी ती लिहिली त्यांनी किती विचार केला असेल, आधी काय, मग काय, कोणत्या पानावर कोणतं चित्र. पण तिथून निघालेला धडा लेकराच्या डोक्यात पोचेपर्यंत वाटेत कोण-कोण उभं असतं, हे त्यांना कसं कळावं? कन्नडचे सर दुसऱ्या गावाहून दुपारी येणार, म्हणून गणित अलीकडं सरकतं. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की कविता थांबते, सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की निम्मा वर्ग शेतात जातो. आणि त्याच रांगेत, पळी घेऊन, मी! पावसाला सुट्टीची वेळ ठाऊक नसते; मला होती. आणि लवकरची ती फोडणी लेकरांच्या भुकेसाठी तरी होती का? सुट्टीच्या आधी आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं. म्हणून फोडणी लवकर उरकून, डाळ झाकून मी घरच्या घागरी भरायला पळायचे.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही; पदराचं टोक पिळत कसंबसं म्हणाले, "बाई, आजपासून फोडणी सुट्टीची घंटा झाल्यावर देते."

फळ्यावरचा बाईंचा हात थांबला. "आणि तुझं पाणी, अक्का?"

त्यांना सगळं ठाऊक होतं. साहेबांपुढं मान खाली घालून उभ्या होत्या तेव्हाही ठाऊक होतं. एखादा शब्द मला टाकून बोलल्या असत्या तर मी सुटले असते. त्यांच्या गप्प राहण्यानं जी लाज अंगाला चिकटली, ती कशानं धुवावी?

"पाण्याचं बघीन मी," एवढंच म्हणाले आणि वळले.

आता डाळ बिनवासाची शिजते. घरी दोन घागरी रिकाम्या राहतात. शेजारणीकडून एक मागून आणते, तीही कधी देते, कधी न्हाई म्हणते. मागल्या वर्षीची पाचवी तर मोठ्या शाळेत गेलीसुद्धा, भागाकार न शिकताच. त्यांचे ते तास मी कुठून परत आणू?

परवा आत वर्गात बाईंनी तीच बोरं पुन्हा वाटायला दिली. कढईत तेल तापायचं होतं. मी मूठभर मोहरी घेऊन खिडकीखाली बसले होते. मग रेणुकाचा आवाज आला, "बारा."

"कशी आली? मांडून दाखव," बाई म्हणाल्या.

फळ्यावर खडू घासू लागला. घंटेला अजून वेळ होता. मुठीतली मोहरी घामानं ओली झाली होती. मी ती तशीच धरून ऐकत राहिले.