किन्नूची सालं आणि चुकलेलं फोल्डर

किन्नू, म्हणजे संत्र्यासारखं फळ, सोलताना बोटांना तो कडवट वास लागला की मला पंजाबातल्या डेराबस्सीच्या औषध कारखान्यातली एक दुपार आठवते. मला नोकरीला लागून महिनाच झाला होता. प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या फायली एकेक करून डिलीट करायचा कंटाळा आला, म्हणून मी कॉम्प्युटरने ते आपोआप करावं अशी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, लिहिली: 'ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये जा आणि तिथलं सगळं डिलीट कर. चालवली, तर क्षणात काम फत्ते! मग स्क्रीन नीट पाहिली. त्या फोल्डरचं नाव कुणीतरी सकाळीच बदललं होतं. स्क्रिप्टला आत जाताच आलं नाही, तेव्हा ती बाहेर जिथे होती तिथलंच सगळं साफ करून मोकळी झाली. वर्षभराचे तपासणी अहवाल गेले. खिडकीतल्या उन्हात किन्नू सोलत बसलेल्या सीनियर मॅडमना मी कसंबसं सांगितलं. त्या उठल्यासुद्धा नाहीत. "घबरा मत. तूने सुबह बोला था ना, स्क्रिप्ट चलाएगी? मैंने तभी कॉपी रख ली थी," म्हणाल्या आणि अर्धा किन्नू माझ्या हातावर ठेवला. जीव भांड्यात पडला, पण रागही आला. म्हणजे मी चुकणार हे यांनी धरूनच ठेवलं होतं! दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. आता माझ्या हाताखाली नव्या मुली आहेत. कुणी स्क्रिप्ट चालवणार म्हटलं की मी गुपचूप कॉपी काढून ठेवते. काल एकीला ते कळलं, तेव्हापासून ती फुगून बसली आहे. तिच्यासाठीच हा किन्नू सोलतेय.