सिस्टरनी सासूबाईंचं मनगट धरलं

मनोरुग्णालयातल्या या सिस्टर बोलण्यात भलत्याच पटाईत. गोळीसाठी तोंड न उघडणारी माणसं यांच्याशी वाद घालायला तोंड उघडायची आणि मग हसत हसत गोळीही घ्यायची. वॉर्डाचे नियम तर अंगात मुरलेले. कानात लोंबतं काही घालायचं नाही. मागून कुणी अंगाला हात लावला तर वळून मनगट धरायचं आणि आवाज चढू द्यायचा नाही.

एकदा मात्र गडबड झाली. घाबरलेल्या एका पेशंट बाईनं स्टीलचा पेला भिरकावला आणि सिस्टरच्या डोळ्याखाली हे एवढं टेंगूळ आलं. त्यांनी घरीदारी सांगितलं, कपाटाचं दार लागलं. त्यात नवल नव्हतं. त्या वॉर्डात पेशंटनं कुणाला मारल्याचं कधी ऐकू येत नसे. कपाटं मात्र फार मारकुटी होती. मार खाल्ला म्हणणं म्हणजे काम जमत नाही म्हणणं, असा तिथं सगळ्यांचाच समज. त्या बाईवर सिस्टरचा राग नव्हताच. बरं वाटल्यावर तीच काळजीनं विचारत होती, डोळ्याला काय झालं म्हणून.

टेंगूळ उतरलं, भीती काही उतरेना. वॉर्डाच्या कुलपात किल्ली घालण्याआधी त्या दोनदोनदा आत डोकावून बघायला लागल्या. काम जिवापाड आवडीचं, तरी सोमवारी डोळ्यांच्या विभागात बदली मागायची, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही.

रविवारी त्या भांडी घासत होत्या. सासूबाईंनी मागून येऊन खांद्यावर हात ठेवला. सिस्टर गर्रकन वळल्या, साबणाच्या हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि ड्यूटीवरच्या आवाजात म्हणाल्या, "घाबरू नका. इथं तुम्हाला कुणी काही करणार नाही."

नवरा दारात आ वासून उभा. सासूबाई खमक्या, त्यांनी हात सोडवूनसुद्धा घेतला नाही.

"मला कोण काय करणार? तुला कुणी काय केलं, ते सांग."

सिस्टरना आधी हसू फुटलं, मग रडू, आणि नळ वाहता ठेवून त्या सगळं बोलून मोकळ्या झाल्या. सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की जायचं तर खुशाल जा, पण खोटं सांगून जाऊ नकोस.

सोमवारी ड्यूटी बदलताना सिस्टर सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "मला पेशंटनं मारलं होतं. आणि आता आत जायची भीती वाटते."

वॉर्डातल्या धिप्पाड ब्रदरनी, ज्यांना सगळे 'भिंत' म्हणत, वर्गातल्या पोरासारखा हात वर केला. "मलाही वाटते. रोज." मागून आणखी दोन हात वर गेले.

इन्चार्ज बाई कडक. त्यांनी विचारलं, "बदली हवी आहे का?"

"हवी होती. आता नको. पण एकटी आत जाणार नाही."

"यापुढे कुणीच एकटं जायचं नाही," इन्चार्ज बाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःचाही हात वर केला.