ढोलातलं गाठोडं

मामांचा हात कधीच गेला नव्हता. त्यांचा ढोल मी बिघडवला होता, आणि ज्या चावीने तो पाच मिनिटांत नीट झाला असता ती चावी माझ्या पँटच्या खिशात होती. हे आधीच लिहून ठेवतो. पुढचं लिहिताना मला मधूनमधून हसू येणार आहे, आणि हसता हसता माणूस स्वतःला फार लवकर माफ करून टाकतो.

आमचा बँड शेतकऱ्यांचा. आदिलाबादकडच्या, भीमपूरजवळच्या आमच्या गावात कापसाची शेवटची वेचणी झाली, पऱ्हाट्या उपटून झाल्या, की पेट्यांतून लाल कोट बाहेर निघतात. आम्ही नऊ जण. मी क्लॅरनेट वाजवतो. मामा ढोल वाजवायचे. ते माझे सख्खे मामा नव्हेत, अख्खं गाव त्यांना मामा म्हणतं. लग्नसराईत आम्ही एकदा टेम्पोत बसलो की आठ-दहा दिवस घर दिसत नाही. आज तामसीला, उद्या उटनूरच्या रस्त्यावर, परवा पैनगंगा ओलांडून महाराष्ट्रात. झोप मिळेल तिथे, आंघोळ दिसेल त्या नळावर, आणि जेवण मात्र रोज लग्नाचं.

ठरलेले पैसे आता बरेच जण फोनवर पाठवतात. पण बँडवाल्याची खरी कमाई ओवाळणीची. नवरदेवावरून ओवाळून टाकलेली नोट आमची. फोन काही ओवाळून टाकता येत नाही, म्हणून ती कमाई अजून रोकडीतच येते. आणि आमच्या बँडचा जुना नेम असा, की वाटणी गावात परतल्यावरच करायची, मारुतीच्या पारावर, वाद्यं खाली ठेवून. त्याआधी कोणी एक नोटही मागायची नाही. फार पूर्वी एकदा वाटेतच वाटणी केली होती, तेव्हा आमचा ट्रंपेटवाला आदिलाबादला उतरून जो गेला, तो तीन लग्नं वाजून झाल्यावर नवी चप्पल घालून उगवला. तेव्हापासूनचा हा नेम.

म्हणजे आठ-दहा दिवसांची नऊ घरांची कमाई कोणीतरी एकाने सांभाळायची. ते काम मामांनी माझ्या गळ्यात घातलं.

"याच्यापाशी ठेवा," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "हा भेकड हाय. भेकडापासचा पैसा कुठं जात नाई."

सगळे हसले, मीही हसलो. पण मनातून मला फार बरं वाटलं होतं. तोवर कोणी माझ्यावर एवढा भरवसा टाकला नव्हता.

बायकोने बनियनला आतून खिसा शिवून दिला, वर दोन बटणं. "अंघोळीलेबी काढू नका जी," असं बजावलं. मी काढायचो नाही. मे महिन्याचं ऊन, अंगात लाल कोट, तोंडात क्लॅरनेट. एका दुपारी बटणं उघडून पाहतो तर नोटांचा नुसता लगदा व्हायचा बाकी. मला रडूच फुटलं. मामांनी ढोल कडुलिंबाच्या सावलीबाहेर उन्हात आडवा ठेवला, त्यावर एकेक नोट पसरली आणि वाळत घातली. मग टिपरूने कडेला हलके हलके ठोके देऊ लागले. नोटा थरथरून उड्या मारायला लागल्या. दहाच्या, पन्नासच्या, शंभराच्या.

"पाहा," मामा म्हणाले, "वरातीत लोक नाचतेत आन इथं त्यायचे पैसे!"

नऊ मोठी माणसं त्या नोटांभोवती उकिडवी बसून पोट धरधरून हसत होती. ती दुपार आठवली की आजही मला सुख होतं. आणि ढोलाची कल्पना माझ्या डोक्यात शिरली तीही त्याच दुपारी.

पुढच्याच हंगामात उटनूरच्या बसस्टँडवर आमच्या ट्रंपेटवाल्याचा खिसा कोणीतरी ब्लेडने कापला. गेलं काय, तर एक दस्ती, म्हणजे हातरुमाल, आणि तंबाखूची पुडी. तो दिवसभर चोराची कीव करत होता. माझं मात्र पाणी झालं. त्याच्या जागी मी असतो तर? बनियनवर हात ठेवूनच मी फिरू लागलो. आणि असा हात ठेवून फिरणारा माणूस म्हणजे पैसा कुठे आहे त्याची पाटीच.

दोन दिवसांनी दुपारच्या जेवणानंतर सगळे आंब्याखाली आडवे झाले होते. मामा घोरत होते. मी ढोल आवळायची चावी घेतली, मागच्या कडीचे नट सैल केले, मागचं पान, म्हणजे कातडं, काढलं. नोटा दुपट्ट्यात बांधून आत ठेवल्या. ढोल हलवून पाहिला तर गाठोडं आत गडगडत होतं. मामांना लगेच कळलं असतं. म्हणून माझ्या अंथरुणात बायकोचं एक जुनं लुगडं होतं, ते गाठोड्याभोवती कोंबून कोंबून असं घट्ट बसवलं की दोन्ही पानांना टेकलं. पान चढवलं, नट आवळले, चावी खिशात टाकली. कोणी पाहिलं नाही. इतकी सुरक्षित जागा साऱ्या जिल्ह्यात नसेल, असं वाटून मी अगदी गाढ झोपलो. क्लॅरनेट वाजवणारा माणूस मी. ढोल आतून रिकामा असतो म्हणूनच वाजतो, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही.

दुसऱ्या दिवशीचं लग्न नेमकं मामांच्या लेकीच्या सासरी होतं, तिच्या धाकट्या दिराचं. "आमच्या व्याह्याचा ढोल म्हंजे शिवंवर ऐकू येते," असं मामांच्या व्याह्यांनी पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलेलं. लेक सकाळपासून दारात उभी होती. मामांनी कोट दोनदा झटकला, मिशीला पाणी लावलं. ढोल गळ्यात घालताना एवढंच म्हणाले, "आज जड लागून राह्यला." मग स्वतःच हसले, "वय झालं."

नवरदेव मारुतीच्या देवळातून मांडवाकडे निघाला. मी सूर धरला, ट्रंपेट आलं, आणि मामांचं टिपरू पडलं.

ढब्.

मामांनी ढोलाकडे पाहिलं. पुन्हा मारलं. ढब्, ढब्. नाचायला पुढे सरकलेली पोरं थांबली. मला त्याच क्षणी सगळं कळलं. सूर माझ्या तोंडातच फाटला.

"व्याही," मागून आवाज आला, "ढोल वाजवून राह्यले का गादी झाडून राह्यले?"

हशा उसळला. कोणी ओरडलं, "अजून पोहे आना रे, व्याह्याले नाश्टा कमी पडला!" ही व्याह्या-व्याह्यांची थट्टा, तिच्यात वाईट काही नव्हतं. पण लेक पाण्याचा तांब्या घेऊन गर्दीतून पुढे आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, हात दुखून राह्यला काय?"

मामांनी तिच्या हातातला तांब्या बाजूला सारला. माझ्याकडे वळून विचारलं, "पान बसलं वाटते. चावी कोनापाशी हाय?"

तीन-चारशे माणसं भोवती. चावी काढली की ढोल उघडणार, ढोल उघडला की गाठोडं साऱ्या गावासमोर पडणार, आणि आम्हाला अजून चार गावं फिरायची होती. हा विचार माझ्या मनात आला हे खरं. पण त्याच्या आधी, त्याच्या खाली, एक दुसरा विचार होता: आता सगळे मला हसतील.

"टेम्पोत राह्यली असन, मामा," मी म्हणालो.

टेम्पो गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. मामा मांडवापर्यंत तसेच वाजवत गेले. जितका आवाज कमी, तितकं जोरात. मांडवात पोचलो तेव्हा त्यांच्या अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलून निघाली होती. जेवणाच्या पंगतीत त्यांनी टिपरू आमच्या खुळखुळेवाल्याच्या मांडीवर ठेवलं. "आजपासून तू वाजव. माहा हात गेला."

पंगतीतही मी खरं सांगितलं नाही, लवकर उठलो. बाकीचे जेवत असताना ढोल टेम्पोमागे नेऊन मी गाठोडं लुगड्यासकट काढून घेतलं. त्यामुळे पुढच्या गावी खुळखुळेवाल्याने टिपरू मारलं तेव्हा ढोल असा गरजला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. मामा कोट न घालता कडेला उभे होते. ऐकून त्यांनी मान हलवली.

"पाहा," ते मला म्हणाले, "ढोलात काईच खोट नाई."

ढोलच बिघडला असेल, ही त्यांच्याजवळची शेवटची शंकाही मीच अशी काढून घेतली. गावी परतल्यावर पारावर वाटणी झाली. एक नोट कमी नव्हती. मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "म्या म्हणलं नव्हतं? याच्या हातून पैसा जात नाई." तो पार दुभंगून मला आत घेईल तर बरं असं झालं होतं.

दोन हंगाम मामा आले नाहीत. तूर, कापूस, बैल. वरात दारावरून गेली तर ते मागच्या दाराने वावरात जायचे. मी रोज ठरवायचो, उद्या सांगू. त्यांच्या दारापर्यंत जायचो आणि बियाण्याचा भाव विचारून परत यायचो.

यंदा त्याच व्याह्यांच्या मुलीचं लग्न निघालं आणि बँड आमचाच सांगितला. मामा पाहुणे म्हणून येणार होते. निघण्याच्या दिवशी बायको बॅग भरत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं.

"मंग लुगड्यावरचे नटाच्या तेलाचे डाग मी उगाच धूत बसली? काऊन सांगतलं नाई जी, दोन वर्सं?"

तिने ट्रंकेतून तेच लुगडं काढलं, घडी केली आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवलं.

लग्नाच्या सकाळी मांडवात चहा चालला होता. मामा फेटा बांधून खुर्चीवर बसले होते, शेजारी व्याही. लेक कपबशा फिरवत होती. मी ढोल मांडवाच्या मधोमध आणून ठेवला, खिशातून चावी काढली आणि बसून नट सोडायला लागलो.

"काऊन रे, आता दुरुस्ती?" व्याही म्हणाले. "वरात यायची हाय!"

मी मागचं पान काढलं. लुगडं आत कोंबलं, दुपट्टा कोंबला, पान चढवून आवळलं. "वाजव," खुळखुळेवाल्याला म्हणालो. त्याने मारलं.

ढब्.

चहा पिणारी माणसं वळून पाहू लागली. त्या आवाजाची आठवण त्या घरात सगळ्यांना होती. मी पुन्हा ढोल उघडला, लुगडं बाहेर ओढलं. ते निघता निघेना, जादूगाराच्या रुमालासारखं येतच राहिलं, आणि पोरं खिदळायला लागली. "त्या दिवशी याच्यात आमची सारी कमाई होती," मी म्हणालो. "म्या ठेवली होती. मामाले मालूम नव्हतं. चावीबी माह्याच खिशात होती."

लेकीने कपबशांचा ट्रे खाली ठेवला. व्याह्यांनी आधी मामांकडे पाहिलं, मग लुगड्याकडे, आणि असे हसत सुटले की त्यांची टोपी पडली.

"अरे, म्हंजे आमच्या पोराच्या लग्नात व्याह्यानं पैसे बडवले! आन आमी म्हणतो गादी झाडली!"

"तरीच जड होता," मामा पुटपुटले. ते उठले. फेटा सोडून लेकीच्या हातात दिला. ढोल गळ्यात घातला, टिपरू मागून घेतलं, कडेला एक ठोका देऊन पाहिला, आणि मग मारलं.

त्या आवाजाचं वर्णन मला जमणार नाही. मांडवाच्या कनाती हलल्या एवढं सांगतो. दोन वर्षं ज्या हाताने फक्त बैल हाकले, तो हात थांबायलाच तयार नव्हता. मी धावत जाऊन क्लॅरनेट उचललं. लग्नाला अजून दोन तास होते, नवरदेव यायचा होता, आणि नवरीकडची माणसं चहा सोडून नाचत होती. व्याह्यांनी कनवटीची नोट काढून मामांवरून ओवाळली. लेक हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. एवढा आनंद मी कोणाच्या वरातीत पाहिला नाही.

वाजवून वाजवून मामा घामाघूम झाले, तेव्हा माझ्यापाशी येऊन उभे राहिले. धापा टाकत, फक्त मलाच ऐकू यावं इतक्या हळू म्हणाले, "सार्‍या मांडवाले सांगतलं तू. मले काई सांगतलं नाई."

मी क्लॅरनेट खाली ठेवलं आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मामा, तुमचा हात सोलून निघाला ते म्या डोळ्यानं पाह्यलं, आन चावी खिशात दाबून धरली. पैशासाठी नाई, माहं हसू होईन म्हणून. तुमची दोन वर्सं म्या खाल्ली. मले माफ करा."